उभी पंगत

मनकर्णाच्या लग्नात वाजवायचं काय, या प्रश्नावरून दत्तरावांच्या घरात आठ दिवस चूल सोडून सगळं पेटलं होतं. बाकी सगळं सुरळीत होतं. मुलगा पसंत होता, मुलगी पसंत होती, वैशाखातली तिथी निघाली होती आणि मुहूर्तही गोरजाचा, म्हणजे दुपारी जेवणं उरकून संध्याकाळी निवांत अक्षता टाकाव्यात असा. पण सुपारी फुटल्यावर सेलूच्या व्याह्यांनी पान तोंडात टाकता टाकता म्हटलं होतं, "बाकी कायबी करा दत्तराव, पन हलगी नको. आमच्या इभ्रतीला ते शोभत न्हाई. ब्यांड पायजे."

व्याही बन्सीधरराव म्हणजे साधी असामी नव्हती. सेलूच्या कापसाच्या बाजारात त्यांची आडत होती, डोक्यावर कडक खादीची टोपी होती आणि नावामागे एक गोष्ट होती. निजामी अमलात सरकारी सलामीची धून वाजली की माणसानं असेल तिथं हात खाली सोडून ताठ उभं राहायचं, असा दस्तूर होता. एकदा कचेरीपुढं ती वाजली आणि सगळा बाजार उभा राहिला. एकटे बन्सीधरराव कापसाच्या गाठीवर बसून राहिले. "मला तीन दिवस कोठडीत टाकलं," ते सांगत, "तर म्या कोठडीतबी बसूनच ऱ्हायलो."

पोलीस ॲक्शन होऊन पाच वर्षं झाली होती. निजामी गेली, सलामी गेली, पण बन्सीधररावांची गोष्ट राहिली आणि दरवेळी चार बोटं वाढत गेली. सुपारीच्या बैठकीत ती दोन तास चालली. ज्या माणसाला सरकार उठवू शकलं नाही त्यानं चहासाठी उठावं हे बरं दिसत नाही, म्हणून चहाही त्यांच्यापुढं न्यावा लागला. दत्तराव मान डोलवत ऐकत होते. ते स्वतः त्या काळात शंभरदा उभे राहिले होते. एकदा तर विहिरीत उतरता उतरता पायरीवर. पण त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

"ब्यांड आनाल कुठूनबी," भिवराबाई नवऱ्याला म्हणाल्या. "पन सटवाजीला काय सांगनार?"

खरी गाठ तिथंच होती. सटवाजी गावचा हलगीवाला. दत्तरावांच्या लग्नात तो वाजवायला होता, मनकर्णाच्या बारशाला होता, बैल विकत आणला तेव्हाही होता. त्याला सांगायचं कसं, याचा विचार करत दत्तरावांनी चार दिवस घालवले आणि पाचव्या दिवशी सटवाजी स्वतःच दारात येऊन उभा राहिला.

"मालक, ब्यांड येनार हाय म्हनं."

"हाव रे सटवाजी. इवायाचा हट्ट हाय. माजा काय इलाज?"

"आसू द्या की. आजवर वाजवायला येत व्हतो, औंदा ऐकायला येतो." सटवाजी जायला वळला आणि थांबला. "हलगी आनू का संगं?"

"ऐकायला येनार तर हलगी कशाला?"

"ती घरी एकटी ऱ्हात न्हाई."

दत्तरावांना वर बघवेना. त्यांनी आणायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी परभणीची वाट धरली.

परभणीत दोन दिवस हिंडल्यावर त्यांना एका मोडलेल्या निजामी पलटणीचा ब्यांड सापडला. पलटण घरी गेली होती, पण वाजवणारे वाजवणं सोडून दुसरं काही शिकले नव्हते. सात माणसं होती, सात वर्द्या होत्या, बटणं मात्र तीन वर्द्यांना पुरतील एवढीच होती. म्होरक्या होते लाडलेसाब, साठीचे, मोठ्या पितळी बाजाचे धनी. ढोलावर पंडित नावाचा एक गडी होता, तो डोळे मिटून वाजवी.

"क्या क्या बजाते?" दत्तरावांनी विचारलं.

"चार धुनां, मालिक."

"चारच?"

"चार पक्कियां. बाकी बी बजाते, मगर उसका जिम्मा नहीं लेते."

दत्तरावांना माणूस सरळ वाटला. ते खाटेवर बसले आणि एकेक धून ऐकू लागले. पहिली पलटण चालण्याची होती. ती वरातीला ठरली. दुसरी जनरलसाहेब येण्याची. ती नवरदेव मांडवात येताना ठरली. तिसरी फारच संथ होती. ती ऐकताना दत्तरावांना मनकर्णा गाडीत बसून चाललेली दिसू लागली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"हीच पाठवनीला वाजवा," ते उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले.

"मालिक, ये सिपाही कू दफनाते वखत की है."

"मग ऱ्हाऊ द्या."

चौथी होती साहेबलोकांच्या जेवणाची. ऐटदार, पोटात जागा करणारी. ऐकूनच दत्तरावांना भूक लागली. ती संपता संपता पंडितनं डोळे मिटल्या मिटल्या काड्यांनी ढोलावर एक लांब घर्र काढली. लाडलेसाबांनी चटकन उजवा हात वर केला, घर्र थांबली आणि बाकीच्यांनी तोंडाला लावलेले बाजे खाली घेतले.

"फुडं काय हाय?"

"कुछ नहीं. पुरानी आदत है. साबलोगां का खाना हुआ की उसके पिच्छे एक और बजती थी. अब नहीं बजाते. मैं हात उप्पर करतूं, लोगां रुक जाते."

दत्तरावांचं समाधान झालं. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण त्यांच्या डोक्यात आता बुंदी, पत्रावळी आणि पाण्याचे रांजण शिरले होते. जेवणाची धून पंगतीला, असं ठरवून ते आनंदानं आपल्या गावी, ताडकळसला परतले.

लग्नाच्या दिवशी ब्यांडनं गाव दणाणून सोडलं. सेलूचं वऱ्हाड रेल्वेनं परभणीपर्यंत आणि तिथून बैलगाड्यांनी आलं, त्याला वेशीपासून पलटणीच्या चालीवर मांडवात आणलं. वऱ्हाडी तर वऱ्हाडी, गाडीचे बैलसुद्धा पावलाला पाऊल लावून चालल्यासारखे वाटत होते. नवरदेव वैजीनाथ घोड्यावर घामानं निथळत होता, पण जनरलसाहेबांच्या धुनीवर त्याचीही मान ताठ झाली. बन्सीधरराव लोडाला टेकून बसले आणि म्हणाले, "ह्याला म्हन्तेत वाजवनं. न्हाईतर ते हलगीचं टबाटबा."

सटवाजी मांडवाबाहेर लिंबाखाली बसून ऐकत होता. हलगी फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवली होती. दत्तराव दोनदा त्याच्याजवळून गेले आणि दोन्ही वेळा त्यांना दुसरीकडं काहीतरी काम निघालं.

दुपारी वऱ्हाडाच्या पुरुषांची पंगत बसली. पळसाच्या पत्रावळी, वाफाळता भात, वरण, येसराची आमटी आणि कळीदार बुंदी. मधोमध पाटावर बन्सीधरराव. म्हाताऱ्या धुरपदाबाई, म्हणजे बन्सीधररावांच्या आई, बायकांची पंगत बसायची होती म्हणून ओट्यावर बसून लेकाचं जेवण न्याहाळत होत्या. हर हर महादेव झालं, ब्यांडनं जेवणाची धून धरली आणि तीनशे माणसांचे हात भातात गेले.

दत्तरावांचा ऊर भरून आला. त्यांनी लाडलेसाबांकडं पाहिलं, तर त्या बिचाऱ्याचे ओठ पहाटेपासून तापलेलं पितळ फुंकून फुंकून वांग्याएवढे झाले होते आणि त्यांना चिरा पडल्या होत्या.

"लाडलेसाब, तुमी चला माज्यासंगं. ओठाला लोनी लावू."

"बीच में कैसा छोड़तूं, मालिक?"

"बाकीचे वाजवतेत की. चला."

लाडलेसाब नाही नाही म्हणत होते, पण दत्तरावांनी हाताला धरून त्यांना घरामागं नेलं. भल्या मनानं केलेलं काम अंगाशी येतं ते असं. मागच्या परसात भिवराबाईंनी लोण्याची वाटी दिली आणि लाडलेसाब ओठ पुढं करून उभे राहिले. दत्तरावांनी पहिलं बोट लावलं, तेवढ्यात समोरच्या अंगणात जेवणाची धून संपली आणि पंडितच्या ढोलावर घर्र सुरू झाली.

लाडलेसाबांचा उजवा हात आपोआप वर गेला. पण तो परसात वर गेला आणि तो बघायला तिथं एक म्हैस होती. अंगणात घर्र थांबली नाही. तिच्या पाठोपाठ पाच बाजे एकदम उठले आणि पाच वर्षं मराठवाड्यात कुणी न ऐकलेली धून वैशाखाच्या उन्हात घुमली.

दत्तरावांच्या हातातली वाटी तशीच राहिली. टाचा जुळल्या, पाठ सरळ झाली, हनुवटी वर गेली. समोर लाडलेसाब ओठांना लोणी लावून तसेच ताठ.

"अवं, तुमाला काय झालं?" भिवराबाई म्हणाल्या. "दोघंबी मेढीवानी का उभं ऱ्हायलात?"

 आपले पाय काय करताहेत हे दत्तरावांना आधी कळलं आणि का करताहेत हे मागून कळलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की अंगणातून ना वाढप्यांचा आवाज येत होता, ना भुरक्यांचा. तीनशे माणसं जेवत असताना एवढी शांतता चांगली नव्हे. धून संपता क्षणी ते वाटी घेऊनच धावले.

अंगणात पंगत उभी होती. पोरंटोरं तेवढी खाली बसून बुंदी खात होती. बाकी वीस वर्षांपासून ऐंशी वर्षांपर्यंतचा एकूणएक वऱ्हाडी आपापल्या पत्रावळीमागं ताठ उभा. वाढपी हातात बादल्या घेऊन ताठ. आणि मधोमध, सगळ्यांच्या आधी उठलेले, सगळ्यांत ताठ, बन्सीधरराव. त्यांनी तर उजवा हात कपाळाला लावला होता. हातात कालवलेला वरणभात होता, तो आता खादीच्या टोपीच्या काठावरून भुवईवर उतरत होता.

धून संपली तरी कुणी बसेना. बसणार कसं? पानावरून उठलेला माणूस पुन्हा त्या पानावर बसत नाही, आणि व्याही उठला की पंगत उठली, ही रीत पोरालाही ठाऊक होती. म्हणजे सेलूचं वऱ्हाड ताडकळसात एका घासावर उपाशी उठलं होतं. असं ज्याच्या दारात घडतं त्याच्या लेकीला एकतर सासर मिळत नाही, नाहीतर मिळून जन्मभर ऐकावं लागतं. अक्षता अजून पडायच्या होत्या.  दाराच्या फटीतून हळदीच्या अंगानं मनकर्णा बघत होती, तिच्याकडं बघायचा दत्तरावांना धीर होईना.

शांतता मोडली ती धुरपदाबाईंनी. म्हातारी ओट्यावरून खणखणीत आवाजात म्हणाली, "बन्सी, आरं तू कशाला उठलास? तू तर कदी उठत न्हवतास म्हनं."

तीनशे माना बन्सीधररावांकडं वळल्या. त्यांनी कपाळावरचा हात हळूच खाली घेतला. हाताबरोबर भातही आला.

"म्या... हात धुवायला उठलो."

"एका घासावर?"

"म्हंजी, पानी पायजे व्हतं."

"पानी तर म्होरंच हाय की भरलेलं."

बन्सीधररावांची नजर इकडं तिकडं फिरू लागली. ती टोपीवर गेली, पाहुण्यांवर गेली आणि शेवटी पत्रावळीवरच्या द्रोणात येऊन थांबली. दत्तरावांनी ओळखलं. माणूस स्वतःची अब्रू वाचवायला आता आमटीचा बळी देणार होता. आमटी खारट म्हणून उठलो, एवढं म्हटलं की झालं. त्यांची गोष्ट शाबूत राहणार होती आणि मनकर्णाचं लग्न त्या द्रोणात बुडणार होतं.

"ही जी आमटी हाय ना," बन्सीधरराव घसा साफ करत म्हणाले, "ह्या आमटीत..."

टण्ण.

लिंबाखालून हलगीची एक थाप आली. सटवाजी फडकं सोडून उभा होता.

"मालक, पाव्हन्यांला किती येळ उभं करनार?" तो दत्तरावांना म्हणाला. "हलगी वाजल्याबिगर पंगत बसत न्हाई आपल्या गावात. तुमी लगीनघाईत इसरलात. पन पाव्हने जानते हायेत. त्यायला ठाऊक हाय. उठून उभे ऱ्हायले हलगीची वाट बघत."

दत्तराव ताडकळसात जन्मले, वाढले, त्यांच्या कानावर अशी रीत कधी आली नव्हती. पण बुडत्याला काडी दिसावी तशी त्यांना ती रीत दिसली.

"चुकलं," ते हात जोडून म्हणाले. "लय जुनी रीत हाय. पंगत अजून सुरूच झालेली न्हाई. आतापत्तुर जे खाल्लं ते निस्तं चाखनं."

सगळ्यांनी बन्सीधररावांकडं पाहिलं. बन्सीधररावांनी द्रोणाकडं पाहिलं, हलगीकडं पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला.

"मंग म्या काय म्हनायलो?" ते म्हणाले. "हलगीबिगर पंगत बसती का कुठं? म्या तर पयल्या दिसापासून म्हनायलोय, हलगी पायजे म्हनून. उठावं लागलं मला. कुनीतरी ध्यानात आनून द्यावं लागतं."

"हाव, हाव," वऱ्हाडी म्हणाले. प्रत्येकाला आपण का उठलो याचं कारण हवंच होतं आणि हे फुकट मिळालं होतं. "आमी त्याच्याचसाठी उठलो."

"वाजीव बाबा सटवाजी," दत्तराव म्हणाले.

"वाजवतो की. पन हलगी थंड पडलीय. सकाळपासून बसूनच व्हती. तापवावी लागंल."

मग सटवाजीनं कडब्याच्या चार काड्या गोळा केल्या. त्यातली एक ओली निघाली, ती बदलली. आगपेटी शोधली, ती सापडली नाही, ती एका उभ्या वऱ्हाड्यानं आपल्या खिशातून दिली. जाळ केला. हलगी त्यावर धरली, फिरवली, बोटानं टिचकी मारून पाहिली, मान हलवली आणि पुन्हा धरली. तीनशे भुकेली माणसं आणि त्यांच्यापुढं कपाळावर वरण वाळत चाललेले बन्सीधरराव उभे राहून बघत होते. जुन्या सरकारच्या सलामीलासुद्धा कुणी एवढा वेळ उभं राहिलं नव्हतं. दत्तरावांना पहिल्यांदाच त्या दिवशी हसू आलं, ते त्यांनी उपरण्यात दाबलं.

शेवटी सटवाजी उठला आणि त्यानं जी हलगी वाजवली, तिला तोड नव्हती. थाप पडत गेली तसतशा माणसांच्या टाचा सुटल्या, खांदे सैल झाले, पोरं नाचायला लागली. पंडितनं डोळे उघडले आणि ढोलावर त्याला साथ धरली. लाडलेसाब परसातून लोणी लावलेल्या ओठांनी आले आणि कुणाची नजर चुकवावी कळेना म्हणून सगळ्यांचीच चुकवत राहिले. वाढप्यांनी जुन्या पत्रावळी उचलून नव्या मांडल्या. पंगत बसली. बन्सीधरराव आमटीचे पाच द्रोण प्याले आणि आमटी झकास झाल्याचं त्यांनी न विचारता तीनदा सांगितलं.

गोरजावर अक्षता पडल्या त्या हलगीवरच. ब्यांड पाठवणीला वाजणार होता, पण दत्तरावांनी लाडलेसाबांना धुनीचं नावच काढू दिलं नाही. मनकर्णा हलगीच्या चालीवर गाडीत बसली आणि दत्तराव पोटभर रडले. गाडी हलायच्या आधी त्यांनी आपल्या डोक्याचा फेटा उतरवून सटवाजीच्या डोक्यावर ठेवला.  सटवाजीनं हलगी पुन्हा फडक्यात गुंडाळली.

त्यानंतर दिवाळीला बन्सीधरराव सुनेला घेऊन ताडकळसला आले. लोडाला टेकून बसले. चहा त्यांच्यापुढं नेला गेला. मग पान तोंडात टाकता टाकता त्यांनी सहज म्हणावं तसं म्हटलं, "दत्तराव, जावयाला दिवाळीत अंगठी द्यावी लागती. सेलूत लोक इचारतेत. आमच्या इभ्रतीचा सवाल हाय."

दत्तरावांनी मान डोलवली. सुपारी कातरता कातरता त्यांच्या ओठांतून, कुणाला कळेल न कळेल अशी, एक धून निघाली. ती त्यांनी ठरवून काढली की आपोआप निघाली, ते त्यांनी भिवराबाईंनाही कधी सांगितलं नाही. तिसऱ्या सुराला बन्सीधररावांचा लोड घसरला. पाचव्याला ते उभे होते.

या हत्यारात एकच खोट होती. तोंडात धून आणि बूड जमिनीला, हे दत्तरावांच्याही अंगाला जमत नव्हतं. त्यामुळं अडकित्ता हातात घेऊन तेही उभे होते. दोघे व्याही समोरासमोर, टाचा जुळवून, हनुवटी वर करून, एकमेकांच्या डोक्यावरून भिंतीकडं बघत.

मनकर्णा फराळाचं ताट घेऊन आली ती उंबऱ्यातच थबकली. "बा, मामंजी, असे उभे का ऱ्हायलात दोघंबी? बसा की."

बन्सीधररावांनी दत्तरावांकडं पाहिलं. दत्तरावांनी सुपारीकडं पाहिलं. अंगठी कुठल्या कुठं गेली होती.

"काई न्हाई, पोरी," बन्सीधरराव म्हणाले. "हलगीची वाट बघायलोत."